आकडा दोघांनाच माहीत होता

१२ जून २००४, शनिवार. रक्कम अठरा हजार चारशे रुपये, चेकने. जागा पिरंगुटजवळच्या एका कारखान्याचं ऑफिस. हजर तिघे: कारखान्याचे मालक खळदकरसाहेब, टायपिंगपासून टपालापर्यंत त्यांच्या ऑफिसचं सगळं बघणाऱ्या मंदाताई ढमाले, आणि मी, कदम, प्रिंटर दुरुस्त करणारा.

चेक होता एका कुलपाचा. हे कुलूप डोळ्यांना दिसत नाही. ऑफिसातल्या लेझर प्रिंटरमध्ये मी जादा मेमरी आणि एक छोटी डिस्क बसवली होती. एरवी संगणकावरून हुकूम सुटला की कागद लगेच बाहेर पडतो. आता तो यंत्राच्या पोटात थांबणार होता, आणि कोणीतरी यंत्रासमोर उभं राहून चार आकडे दाबले की मगच छापला जाणार होता. तो आकडा साहेबांनी ठरवला आणि मंदाताईंच्या कानात सांगितला. मी तोंड फिरवून उभा राहिलो. मला तो आजही माहीत नाही.

"आता बघू, कागद कसा बाहेर जातो ते," साहेब चेकवर सही करताना म्हणाले. म्हणाले मला, पण बघत होते मंदाताईंकडे.

कारण असं होतं. हा कारखाना पत्रा दाबून गाड्यांचे छोटे भाग बनवायचा. मोठ्या कंपन्यांकडे दर भरायचे, ज्याचा दर कमी त्याला काम. मागच्या दोन वेळा दुसऱ्या एकाने खळदकरांपेक्षा नगामागे जेमतेम दहा-पंधरा पैसे कमी भरले आणि काम नेलं. एकदा योगायोग म्हणता येतो. दुसऱ्यांदा तेच झालं तेव्हा साहेबांच्या मनात बसलं की दर आपल्याच ऑफिसातून फुटतोय. दराचा कागद टाइप करायच्या मंदाताई.

मी बॅग आवरून बाहेर आलो तर त्या पाण्याच्या पिंपाशी उभ्या होत्या. कोळवणच्या बाई, बोलायला फटकळ. म्हणाल्या, "कदमभाऊ, एक इचारू? ह्ये कुलूप यंत्राला घातलं का मला?"

मी हसलो आणि म्हणालो, "तुमच्याच फायद्याचं आहे ताई. आता कोणी बोट दाखवणार नाही."

मला खरोखरच तसं वाटत होतं.

आमच्या धंद्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मी मूळचा परभणीकडचा. १९९८ साली पिरंगुटला खोली घेतली आणि मोटरसायकलवर पौडपासून हिंजवडीपर्यंत प्रिंटर आणि झेरॉक्स मशीनच्या देखभालीचे वार्षिक करार धरले. तेव्हा मुळशीत रोज नवी शेड उभी राहत होती, आणि शेड तिथे प्रिंटर. लोक तिजोरीला कुलूप लावतात, कपाटाला लावतात, आणि तिजोरीतला कागद जिथे जन्माला येतो ते यंत्र पॅसेजमध्ये, चपलांच्या स्टँडशेजारी ठेवतात. पगारपत्रक छापायला दिलं आणि तेवढ्यात फोन आला, की ते तासभर तिथेच पडून. येणारा-जाणारा आपला कागद शोधताना दुसऱ्याचा वाचतो. हिंजवडीतल्या एका मॅनेजरने माझ्या सल्ल्यावरून प्रिंटर आपल्या केबिनमध्ये घेतला, तर दिवसभर माणसं केबिनमध्ये येऊ लागली आणि त्यांच्या पडद्यावरचं वाचू लागली. आठवड्यात प्रिंटर परत चपलांपाशी गेला.

गळतीच्या जागा मोजक्याच. बाहेर पडलेला कागद, बिघडलेला कागद, यंत्राची स्मरणशक्ती, आणि चौथी म्हणजे दुरुस्तीवाला. शेवटची जागा ग्राहकाच्या लक्षात येत नाही, आमच्या यावी लागते. अडकलेला कागद ओढून काढताना त्यावर काय आहे ते दिसतंच.

हे मला शिकवलं कोळवणच्या एका आजोबांनी. पुण्याचे निवृत्त गृहस्थ, तिथे फार्महाऊस बांधून राहायचे. त्यांचा घाईचा फोन आला. गेलो तर आजोबा प्रिंटरसमोर खुर्ची टाकून, आडवी काठी मांडीवर घेऊन बसलेले. मृत्युपत्र छापायला घेतलं होतं आणि दुसरं पान निम्मं आत अडकलं होतं. सुट्टीला आलेले दोन्ही मुलगे बाहेर झोपाळ्यावर. मोठा तीनदा म्हणाला, "बाबा, मी काढतो ना ओढून." आजोबांनी काठी उचलून दाखवली. सकाळपासून त्यांनी जागा सोडली नव्हती, जेवणही तिथेच.

मला म्हणाले, "तुम्ही काढा. पण वाचायचं नाही."

"आजोबा, न बघता कसा काढू?"

"बघा. वाचू नका. फरक आहे."

मी कागद काढला, मजकूर आत येईल अशी घडी घातली आणि त्यांच्या हातात दिला. त्या दिवसापासून माझा नियम ठरला: बघायचं, वाचायचं नाही, आणि एका दारचं दुसऱ्या दारी न्यायचं नाही. एकाच रस्त्यावरच्या दोन प्रतिस्पर्ध्यांनी मला आपापल्या ऑफिसात येऊ दिलं ते या एका गोष्टीमुळे. हा नियम मी ग्राहकांना अभिमानाने सांगायचो. पडवळशेठ म्हणून भूगावकडचे एक ग्राहक होते, त्यांनाही सांगितला होता.

तर, कुलूप बसलं. ऑगस्टच्या सुरुवातीला खळदकरांनी तिसऱ्यांदा दर भरला. काम मोठं होतं, वर्षभर पत्रा दाबायचे दोन प्रेस चालले असते. तेही गेलं, पुन्हा दहा पैशांनी.

मला कळलं ते प्रिंटरच्या नेहमीच्या सफाईला गेलो तेव्हा. मंदाताईंच्या खुर्चीवर कोणी नव्हतं. साहेब म्हणाले, "घरी बसवलंय. बिनपगारी. पुढचं बघू." मग म्हणाले, "तुमच्या कुलपाने एक काम चोख केलं कदम. पूर्वी दहा जणांवर संशय होता. आकडा दोघांनाच माहीत. एक मी. मग राहिलं कोण?"

हे वाक्य मी घरी घेऊन आलो. मी विकलेलं कुलूप बरोबर चालत होतं, त्यात काही दोष नव्हता. पण कुलपाने चोर सापडत नाही. किल्ली कोणाकडे आहे एवढंच कळतं, आणि ज्याच्याकडे किल्ली तो चोर ठरतो. मालक स्वतःला सोडूनच मोजतो, म्हणजे उरतो तो नोकर.

दोन दिवसांनी पौडच्या बसस्टँडवर मंदाताई भेटल्या. हातात खुरपं, डोक्यावर इरल्याऐवजी प्लॅस्टिकचा कागद. दुसऱ्याच्या भातात बेणणीला, म्हणजे तण काढायला, जात होत्या.

"पगाराचं सोडा वो," त्या म्हणाल्या. "रोजावर बी पोट भरतं. पर सकाळच्या जीपमदी मी न्हाई म्हणल्यावर जीपवाला इचारतो, का ओ म्याडम, कामावर न्हाई? काय सांगू? आजारी म्हणलं तर शेतात दिसते. लेकीला बघाया पावणं येनार हायती गणपतीनंतर. त्येंच्या कानावर काय जाईल? कोळवणात चोरी केली म्हनत न्हाईत भाऊ. 'कामावरनं काढली' म्हनत्यात. तेवढ्यात समदं आलं."

मी म्हणालो, साहेबांशी बोलतो. काय बोलणार होतो कोण जाणे.

त्याच आठवड्यात पडवळशेठचा फोन आला. त्यांचं प्लेटिंगचं दुकान भूगावच्या अलीकडे. प्लेटिंग म्हणजे लोखंडी भागांवर जस्ताचा मुलामा देणं. खळदकरांचे भाग दाबून झाले की टेंपोने इथेच यायचे, मुलामा होऊन परत जायचे. पडवळशेठ बोलका माणूस, चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही. त्यांच्या मेहुण्याने दोन वर्षांपूर्वी स्वतःचे प्रेस टाकले होते, खळदकरांसारखेच भाग बनवायचे. हे सगळ्या पिरंगुटला माहीत होतं आणि त्यात गैर काही नव्हतं.

त्यांच्या प्रिंटरचा मागचा दरवाजा तुटला होता. यंत्र पालथं करायला जागा हवी म्हणून मी टेबलावरचा क्लिपबोर्ड उचलून बाजूला ठेवला. त्यावर खळदकरांकडून मालाबरोबर आलेल्या चलनांचा, म्हणजे माल पाठवल्याच्या पावत्यांचा, गठ्ठा लावलेला होता, पण उलटा. म्हणजे चलनाची बाजू खाली, पाठ वर. पाठीवर लाल पेनाने खुणा केलेला एक तक्ता होता: पत्रा इतका, दाबणी इतकी, मुलामा इतका, भंगाराची वजावट, नफा, आणि तळाला एका नगाचा दर.

मी बघितलं. आणि यावेळी वाचलंही.

"कदम," पडवळशेठ चहाचा कप पुढे करत म्हणाले, "मशीन टेबलावर हाय. तुमी कुटं बघताय?"

"शेठ, ही पाठ..."

"पाठच हाय ती. मालाबरूबर घरपोच येती. मी मागायला गेलो न्हाई, कुनाला पैसं चारलं न्हाई. माज्याच टेबलावर आलेला कागद मी वाचायचा न्हाई व्हय?" मग हसून म्हणाले, "आन् तुमचं ते काय वो? एका दारचं दुसऱ्या दारी न्हाई. तुमीच सांगितलं हुतं ना? लई आवडलं हुतं मला."

चहा प्यायलो. दरवाजा बसवला. पैसे घेतले नाहीत. पुढच्या वेळी द्या म्हणालो. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

गुरुवारी आमच्या भागातले कारखाने बंद असतात. त्या गुरुवारी मी घरी मखराचे खांब पुसत बसलो होतो आणि बायकोला सगळं सांगितलं, नावं गाळून. वैशालीला नावं लगेच कळली.

"मग जाऊन सांगा ना साहेबांना," ती म्हणाली.

"एकाच्या टेबलावरचं दुसऱ्याला सांगितलं, तर उद्या मला कोण आत घेईल? आणि घेतलं तरी मी कोणत्या तोंडाने जाऊ?"

"आणि ती बाई?"

मी खांब पुसत राहिलो. ती म्हणाली, "तुम्ही तिथलं इथे सांगू नका. पण जे इथलंच आहे, ते इथे विचारायला काय हरकत आहे? तो कागद त्या शेठच्या घरी तर छापला नाही ना?"

शुक्रवारी सकाळी मी खळदकरांकडे हजर. म्हणालो, "साहेब, स्टोअर्समधला प्रिंटर बघू का जरा?"

"तो तुमच्या करारात नाही. जुना आहे. त्याचे पैसे मी देणार नाही."

"फुकट बघतो."

फुकट म्हटल्यावर ते स्वतः बरोबर आले. स्टोअर्स म्हणजे मागच्या बाजूची लांबट खोली. तिथून माल बाहेर जायचा आणि प्रत्येक टेंपोबरोबर चलन छापलं जायचं. मी यंत्रातून त्याचा आतला आकडा काढला. आतापर्यंत एकूण किती पानं छापली, हे प्रत्येक प्रिंटर स्वतः मोजत असतो, गाडीच्या किलोमीटरसारखं.

"बरीच पानं झालीत की. स्टोअर्सला वर्षाला किती रिम लागतात?"

साहेबांचा चेहरा खुलला. "एकही नाही! गेल्या दोन वर्षांत स्टोअर्ससाठी मी कोरा कागद घेतलेलाच नाही. ऑफिसचे सगळे पाठकोरे मी स्वतः जमा करतो. दर शनिवारी बसून टाचण्या काढतो, नीट रचतो आणि इथे आणून देतो. आणि नुसती काटकसर नाही हं. आमच्याकडची रद्दी गेटबाहेर जात नाही. रद्दीवाल्याला मी आत पाऊलही टाकू देत नाही. कंपनीचा कागद कंपनीत."

पाठकोरे म्हणजे एका बाजूला छापलेले, दुसऱ्या बाजूला कोरे कागद. आपल्याकडे कोणत्या घरात ते जमवत नाहीत? माझ्या मुलीने सगळी गणितं त्यांवरच केली. दुरुस्तीवाला म्हणून माझी तक्रार वेगळीच असते: एकदा तापलेला कागद वळतो, पाठीवरची शाई पुन्हा वितळून आत चिकटते, एखादी टाचणी राहिली तर ड्रमवर चरा पडतो. तेवढंच मी म्हणालो. ट्रे बाहेर ओढला आणि म्हणालो, "यात टाचणी आहे का बघता, साहेब? मला चष्म्यातून दिसत नाही."

त्यांनी वरचे आठ-दहा कागद उचलले, टाचणी शोधायला उलटे केले. लाल पेनाच्या खुणा त्यांच्याच हातच्या. मंदाताईंनी टाइप केलेला कच्चा मसुदा साहेब आकडा दाबून छापून घ्यायचे, दुरुस्त्या करायचे, मग पक्का कागद निघायचा. कच्चा त्यांच्याच खोक्यात जायचा आणि दर भरायची मुदत संपायच्या आतच शनिवारी इथे पोचायचा. कंपनीचा कागद कंपनीत.

त्याच वेळी यंत्र वाजलं आणि एक चलन बाहेर आलं. भूगावच्या टेंपोचं. स्टोअर्सच्या माणसाने सवयीने हात पुढे केला. साहेबांनी त्याच्या आधी ते उचललं. पुढून वाचलं. मागून वाचलं. पुन्हा पुढून वाचलं, तिथे माल कोणाकडे जातोय त्याचं नाव असतं.

मग म्हणाले, "आणि मी रद्दीवाल्याला आत येऊ दिलं नाही."

मला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हणालो, "साहेब, मी ट्रे बघायला आलो होतो."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. मी नियम मोडला की पाळला, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही. आजोबांना विचारलं असतं, पण ते तोवर राहिले नव्हते, आणि त्यांच्या मुलांनी फार्महाऊस विकलं होतं.

दुपारी साहेबांच्या गाडीतून आम्ही दोघे कोळवणला गेलो. मंदाताई रस्त्याकडेच्या एका खाचरात आणखी चार बायकांबरोबर वाकलेल्या. साहेब बांधावर उभे राहिले. बूट चिखलात गेले. हळू आवाजात म्हणाले, "मंदा, चूक झाली. तुझा काही संबंध नव्हता. उद्यापासून ये."

मंदाताई सरळ उभ्या राहिल्या. "काय म्हनला?"

"म्हटलं, चूक झाली."

"साहेब, मला ऐकू आलं. पर माज्यावर आळ आला तवा ह्या बाया हितं न्हवत्या, तरी त्येंच्या कानावर गेला. आता ह्या हायेत, तर त्येंना ऐकू येईल असं बोला की."

बायकांची खुरपी थांबली. साहेब हिशेबी होते, कंजूष होते, पण भित्रे नव्हते. घसा साफ करून त्यांनी मोठ्याने सांगितलं की दर माझ्याच हातून फुटत होता, मंदाने काही केलेलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "व्हय का? मग त्या जीपवाल्याला बी सांगा, त्योच गावभर करतो." आणि साहेबांनी तेही केलं. जीप स्टँडवर गाडी थांबवून काच खाली केली आणि सांगितलं. मी शेजारच्या सीटवर होतो. जीपवाला नुसताच "बरं" म्हणाला.

परत यायला मंदाताईंनी एक अट घातली. "येते. पर त्यो आकडा बदला आन् मला सांगू नगा. कागद तुमीच काढा. किल्ली नगं मला."

हे मला आधी सुचायला हवं होतं. पुढे २०१० पर्यंत, म्हणजे मी धंदा आवरता घेईपर्यंत, अशी कितीतरी कुलपं बसवली. हिंजवडीत तर नंतर ओळखपत्र टेकवल्याशिवाय कागद न देणारी यंत्रं आली. पण आकडा कोणाकोणाला द्यायचा, हे मी दर वेळी विचारायला लागलो, आणि ज्याची नोकरी सगळ्यात कच्ची त्याला देऊ नका, असं सांगायला लागलो. पुष्कळ जण हसले. काहींनी ऐकलं.

पडवळशेठकडचं काम खळदकरांनी बंद केलं नाही. मुलामा चांगला होता. फक्त चलनाची पाठ कोरी जाऊ लागली. आठ दिवसांत शेठचा मला फोन: "बोललाच ना शेवटी?" मी म्हणालो, नाही बोललो. त्यांनी विश्वास ठेवला नाही. करार गेला, त्या दरवाजाचे पैसेही गेले. एवढी किंमत मी धरूनच चाललो होतो.

कोळवणला गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, ऑफिसात पुन्हा आम्ही तिघेच. साहेबांनी आधी कोऱ्या कागदाच्या दहा रिमचे तेराशे रुपये स्टेशनरीवाल्याच्या नावाने काढले. सही करण्याआधी त्यांनी रक्कम दोनदा वाचली. मग मंदाताईंचा पगार. महिना चार हजार दोनशे, घरी बसवलेले दिवस चोवीस, म्हणजे तीन हजार तीनशे साठ. त्यांनी नोटा मोजून टेबलावर ठेवल्या.

मंदाताईंनी त्या उचलल्या नाहीत.

"आनि चाळीस."

"ते कसले?"

"तुमी शुक्रवारी बांधावर आलात, त्या दिवशी माजा अर्धा रोज बुडाला. मुकादमाने कापला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रिंटरकडे. त्यांनी चाळीस रुपये काढले, व्हाउचरचं पुस्तक ओढलं आणि पेन धरून थांबले. "हे कोणत्या खात्यात लिहू?"

"जे हाय त्येच लिवा."

साहेबांनी लिहिलं: भाताची बेणणी, अर्धा दिवस, चाळीस रुपये. एकूण तीन हजार चारशे, रोख, मंदा ढमाले यांना पोचले.